काकूंनी घोडा मागे नेला

दुपारचा चहा झाला की खालच्या मजल्यावर बुद्धिबळाचा पट मांडला जायचा आणि प्रभाकाकू तासगावकर हरायच्या. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. चंद्रकांतकाका बँकेतून निवृत्त झालेले, मूळ सांगलीकडचे, बुद्धिबळाचा नाद घरातूनच आलेला. काकूंना लग्नानंतर त्यांनीच शिकवलं. वर मोठेपणा असा, की काकूंची चाल चुकली की खुर्चीत मागे रेलून म्हणायचे, "घे, परत घे." मी, रमा, वरच्या मजल्यावर राहते. मला तो उदारपणा ऐकूनच चीड यायची.

काकांच्या बदलीच्या नोकरीपायी काकूंची दर दोन-तीन वर्षांनी उचलबांगडी झाली. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकायचा नाही, हा त्यांचा नियम. मानसरोवर वसाहतीतला हा फ्लॅट स्वतःचा झाला, तेव्हा पहिल्याच दिवशी त्या माझ्याकडे हातोडी मागायला आल्या होत्या. आणि आता काकांनी परस्पर ठरवलं, की मुलगा मिहीर पुण्यात आहे, तर हे घर विकून तिकडे जायचं.

"मला नाही जायचं," काकू म्हणाल्या.

काका मोहरी मांडत हसले. "मला हरवून दाखव, मग राहू इथंच."

"शब्द?"

"शब्द. रविवारी खेळू. रमा साक्षीला."

माझा अगदी तिळपापड झाला. बायकोनं कुठं राहायचं हे काय पटावर ठरवतात? काकू मात्र शांत होत्या.

काका झोपले की त्या मोबाइलवर मोठमोठ्यांचे डाव बघत बसायच्या, हे मला ठाऊक होतं. शनिवारी त्यांनी मला खाली बोलावलं. पटावर नुसती प्यादी आणि एकच घोडा ठेवला होता.

"आजवर मी काय करायचे? डाव सुरू झाला की घोडा पुढं उडवायचा. यांनी प्यादं सरकवलं की पळ काढायचा. रमा, घोड्याला आधी विचारायचं, बाबा रे, तुला शेवटी बसायचंय कुठं? जिथून कुणी हुसकणार नाही अशी जागा शोधायची. मग तिथून उलटी वाट काढायची."

"म्हणजे, आधी मुक्काम आणि मग रस्ता?"

"हां! आणि वाटेत मागं जावं लागलं, तर खुशाल जायचं. मागं गेलं म्हणजे हरलं, असं नसतं गं."

मी पटाकडे बघायचं सोडून त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत राहिले. साठी उलटलेल्या बाईला नवं काही कळल्यावर इतका आनंद होऊ शकतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

रविवारी काकांनी पांढरी मोहरी घेतली. दोन्ही बाजूंची मांडणी होत आली, तेव्हा काकूंनी पुढे आलेला वजिराकडचा घोडा उचलला आणि तो निघाला होता त्याच घरात परत नेऊन ठेवला.

काका खो खो हसले. "इतक्या उशिरा परत घेतेस? बरं, घे. दुसरी चाल कर."

"परत घेतली नाही. ही चाल आहे."

"ही?"

"हीच. तुमची पाळी."

काका मग फारसा विचार न करता खेळू लागले. इकडे घोडा हलल्याबरोबर त्याच्यामागे अडकलेलं प्यादं सुटलं. कोपऱ्यातल्या उंटाला लांबवरचं दिसायला लागलं. घोडा वजिरापुढे आला, मधल्या प्याद्याला आधार देऊन थांबला आणि मग आपल्या राजाच्या बाजूनं सावकाश फिरत फिरत थेट काकांच्या राजाजवळ जाऊन बसला. त्याला हुसकायला हवं असलेलं प्यादं काकांनी मघाशीच पुढे ढकललं होतं. काल पटावर एकटा ठेवलेला तो घोडा, आणि त्याची एवढी लांबची वाट या बाईनं आधीच पाहून ठेवली होती!

काकांचा हात वजिराकडे गेला आणि तसाच मागे आला. कसंही खेळलं तरी मात टळत नव्हती.

"घोडा मागं नेलास, तेव्हाच तुला हे दिसत होतं?"

"हो."

काकांनी राजा आडवा केला, फोन उचलला आणि पुण्याला लावला. "मिहीर, तिकडं फ्लॅट बघू नकोस. तुझ्या आईला इथंच राहायचंय."

पलीकडून तो काहीतरी म्हणाला.

"नाही रे, ती पहिल्यापासून सांगत होती. मी आज ऐकलं."