आडाचं पाणी आणि नणंदेचं लग्न

लग्न होऊन मी अमरावतीहून झाशीला आले, तेव्हा सासरचं मराठी मला थोडं जुनं आणि थोडं हिंदी वाटलं. विहिरीला घरात सगळे आड म्हणत. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायचं होतं. धाकटी नणंद तर बोलता बोलता हिंदीत शिरायची आणि तिला त्याचा पत्ताही नसायचा. मानिक चौकामागच्या गल्लीत आमचं घर, घराला लागून गणपतीचं छोटं देऊळ आणि देवळाच्या आवारात तो आड. पूजा पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे. मामंजी कचेरीतून निवृत्त झाल्यापासून ते स्वतः करतात.

उन्हाळ्यात नळ आटले की सगळी गल्ली आडावर येते. टँकरचा भरवसा नसतो, आणि आला तरी तो आमच्या बोळात शिरत नाही. काही वर्षांपूर्वी लोकांनी मिळून आडात टुल्लू पंप, म्हणजे विजेवरचा छोटा पंप, बसवला. दोर ओढण्यातून सुटका झाली म्हणून आम्ही बायका खूश होतो. पण त्या मे महिन्यात एका सकाळी पंप नुसताच घरघरला. वाकून पाहिलं तर तळाशी चिखल. इथली जमीन खडकाची. फटींतून पाणी झिरपतं, तेही त्याच्या सवडीनं. पंप ते बघता बघता उपसून टाकत होता.

आवारात भांडण जुंपलं. गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेले हलवाई भैया म्हणत होते, कढया धुतल्या नाहीत तर दुकान बंद ठेवावं लागेल, मग कारागिरांनी खायचं काय? समोरच्या घरात सून बाळंतीण होती, तिची सासू पदर खोचून उभी राहिली. एकट्या राहणाऱ्या एक म्हाताऱ्या आजी कोपऱ्यात कळशी धरून उभ्या होत्या. त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

मामंजी भांडणातून वाट काढत देवळात गेले. आत जाऊन त्यांनी देवावर धरलेली अभिषेकाची धार थांबवली, पळीभर पाणी घातलं आणि पूजा उरकली. काही जणांना ते खटकलं. देवाला तहानलेला ठेवता का, असं बाळंतिणीच्या सासूनं विचारलंही. मामंजी म्हणाले, "आजपासून इतना ही. भगवान को मैं समझा लूँगा."

देवानंच आपलं पाणी कमी केल्यावर बाकीच्यांना बोलायला जागा उरली नाही. पंप काढला, कप्पीला पुन्हा दोर लावला. आधी घरं, मग दुकान, असं ठरलं. बाळंतिणीला पहिला मान. आजींची कळशी जो हजर असेल त्यानं भरायची. आणि बादलीत गाळ आला की सगळ्यांनी थांबायचं, मग पाळी कुणाचीही असो. सुरुवातीला कुरबुर झाली. हलवाई भैयांचे कारागीर अंगानं दणकट, भराभर ओढायचे, त्यावरून दोनदा वाजलंही. पण आड पुन्हा कोरडा पडला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात नणंदेचं लग्न ठरलं. मुलाकडचे नागपूरचे. आमच्याकडच्या मुलींची लग्नं देवळाच्या आवारातच होत आलेली, जेवणावळही तिथंच. मामंजींनी ते चित्र किती वर्षं मनात धरलं असेल! पाहुणे कुठं बसतील, चुली कुठं पेटतील, ते हातवारे करून दाखवायचे. पाण्याबद्दल मात्र अवाक्षर काढायचे नाहीत. शेवटी माझ्या नवऱ्यानंच विषय काढला. म्हणाला, एक दिवस पंप सोडू, गल्ली समजून घेईल.

गल्लीनं खरंच समजून घेतलं. हलवाई भैया स्वतः घरी आले आणि म्हणाले, "पंडित जी, बिटिया की शादी है. पंप चलाइए, कोई कुछ नहीं कहेगा."

त्यांच्या मनात काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. माया तर होतीच. नणंद त्यांच्या दुकानातली जिलेबी खाऊन मोठी झालेली. पण आमच्यासाठी पंप चालला की त्यांच्यासाठीही चालणार, हेही खरं होतं. मामंजींनी त्यांचे हात हातात घेतले, चहा पाजला, हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. 

हलवाई भैया गेल्यावर नणंद चहाचे कप उचलायला आली. ती खाली बसली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही हो म्हणाल तर मला चैन पडणार नाही. नाही म्हणाल तर तुम्हाला वाईट वाटेल. तर मीच सांगते. हॉल घ्या."

मामंजींनी होकारार्थी मान हलवली. उठून ते देवळात गेले, आणि त्यांचे डोळे भरलेत हे आम्ही सगळ्यांनी न पाहिल्यासारखं केलं.

लग्न लागलं ते आवारातच, मोजक्या माणसांत. जेवणं सिव्हिल लाइन्समधल्या हॉलमध्ये. तिथं हॉलचं स्वतःचं बोअरिंग होतं, हात धुवायला नळांची रांग. पाहुणे नळ सोडून गप्पा मारत उभे. मामंजी मुलीकडचे यजमान. त्यांना काही बोलता येईना. ते फक्त रांगेनं नळ बंद करत फिरत राहिले. मी त्यांना म्हटलं, "मामंजी, राहू द्या ना, हे पाणी काही आपलं नाही." ते म्हणाले, "कुणाचं आहे मग?"

तोवर आपण भांडण मिटवलं असं मला वाटत होतं. खरं तर आम्ही ते गल्लीबाहेर नेऊन ठेवलं होतं, जिथं भांडायला समोर कुणी नव्हतं. आडावर निदान आजींचा चेहरा दिसायचा.

यंदा हलवाई भैयांनी दुकानामागं स्वतःचं बोअरिंग करून घेतलं. त्यांची जागा, त्यांचा खर्च. त्यानं आडाचं पाणी मात्र खाली गेलं. गल्लीतले काही जण म्हणतात, मामंजींनी तेव्हाच पंप चालू दिला असता तर हे बोअरिंगच झालं नसतं. मामंजी वाद घालत नाहीत. पूजा झाली की दुकानासमोरच्या बाकावर जाऊन बसतात. ते आणि हलवाई भैया, दोघं म्हातारे होत चाललेले, तब्येतीपासून सुरुवात करतात आणि हळूहळू पाण्यावर येतात. हलवाई भैयांनी सकाळचा एक नळ गल्लीसाठी सोडायचं कबूल केलं आहे. बोअरिंगचा पंप रोज किती वेळ चालवायचा, यावर अजून दोघांचं एकमत नाही.