कापसाच्या गाठींवरची राणी

“सून हासत नाही वं. तीन दिवसांपासून तोंड वाकडं करून राहिलो तिच्यासमोर, तरी नाही.”

लग्नाच्या चौथ्या दिवशी कुडापलीकडून मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, हे बोलणं कानावर पडलं. ते आमच्या तमाशाच्या फडातले सोंगाडे. त्यावर माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, शांतपणे म्हणाल्या, “हासते. तुमी पाठ फिरवली का हासते.”

कापसाच्या हंगामात रुईचे तंतू जसे केसांत, पिठात, डोळ्यांच्या पापण्यांवर जाऊन बसतात, तसे या घरात किस्से बसतात. आज झाडून काढावेत, उद्या आहेतच. त्यातले बहुतेक आत्याबाईंचे. त्यांची आजी वगात राणी करायची, मग आई करू लागली, मग त्या. फडावर त्यांचं नाव गजराबाई. मी घरात आले त्याच हंगामात ही राणी त्यांच्या हातून जायची वेळ आली. पण आधी ती हातात आली कशी, ते सांगते.

*

आत्याबाई आठ वर्षांच्या होत्या. बार्शीटाकळीच्या बाजारात वग लागलेला आणि आईला सणकून ताप. पोरीलाच लुगडं गुंडाळून राणी म्हणून बसवलं. मुकुट आईच्या मापाचा. प्रधान दरबारात आला आणि मुकुट घसरून नाकावर! समोरचं काही दिसेना.

पोरगी डगमगली नाही. “कोन हाय तो? तीन पावलं समोर ये. राणीले दिसत नाही.”

लोकांना वाटलं, राणी रागावली आहे. प्रधान घाबरून खरंच तीन पावलं पुढे आला. तेव्हापासून आमच्या फडात दरबारी आला की आधी तीन पावलं पुढे येतो. पाहून पाहून दुसऱ्या फडांनीही ते उचललं. कोणी कारण विचारलं तर मामाजी गंभीर चेहऱ्यानं सांगतात, “जुना राजरिवाज हाय.”

*

आत्याबाई ऐन उमेदीत असताना विलायतेच्या पलीकडे कुठे तरी लढाई लागली आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. अकोल्याच्या जुन्या शहरात मोर्णा नदीकाठी पाय ठेवायला जागा उरली नाही, जिकडेतिकडे बैलगाड्या. फडाला जागा कुठली? एका व्यापाऱ्याच्या कापसाच्या गाठी रचून ठेवल्या होत्या, त्यांच्यावरच वग उभा केला.

वग भर रंगात आला आणि व्यापाऱ्यानं गाठी विकून टाकल्या! हमाल आले, राणीच्या सिंहासनाखालची गाठ ओढू लागले.

आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत. “न्या बाप्पा, सगळं न्या. पन राज्य बुडाल्यावर.”

हमाल खाली बसले. व्यापारी येऊन ओरडू लागला, तशी त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, “मालक, आमी काय करावं? राणीचा हुकूम हाय.”

त्या दिवशी वगातलं राज्य बुडायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.

*

पुण्याकडचा एक कारकून वग पाहायला आला होता. नंतर मोठ्या आदबीनं म्हणाला, “बाई, काम उत्तम. फक्त राणीच्या तोंडी ‘मले’ शोभत नाही. राणी ‘मला’ म्हणेल.”

आत्याबाईंनी विचार केल्यासारखं केलं. “खरं हाय तुमचं. पन माह्या राणीचं माहेर अकोल्याचं हाय.”

*

आता राणी हातून जायची ती वेळ. अमरावतीत मुंबईच्या एका दलालानं मोठा जलसा ठरवला. आमचा वग त्याला हवा होता, पण अट एकच: राणी पुरुषानं करायची. त्याचं म्हणणं, शहरातली नवी नाटकं तशीच होतात, बाई उभी राहिली तर प्रतिष्ठित मंडळी येणार नाहीत. एवढा मोठा जलसा मामाजींना सोडवेना. ते हो म्हणाले. राणी आली आमच्या यांच्याकडे, म्हणजे त्यांच्याच मुलाकडे.

अमरावतीच्या राजापेठेत आम्ही उतरलो होतो, तिथंच तालीम सुरू झाली. लुगडं नेसून हे चालले की बैल चिखलातून चालल्यासारखे दिसत. शेवटी आत्याबाई उठल्या. “पाह्य इकडं,” म्हणाल्या. पदर सावरला, मान जराशी वळवली आणि चालत जाऊन बसल्या.

तेवढ्यात दलाल दारात. त्यानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बघतच राहिला.

“हाच! हाच पुरुष पाहिजे मला,” तो म्हणाला. “काय चाल, काय बसणं! खऱ्या बाईला जमायचं नाही. नाव काय याचं?”

मग मामाजी घसा खाकरून म्हणाले, “गजाबा. आमचा गजाबा हाय हा.”

“ठरलं. जलशात हा गजाबाच राणी.”

मामाजींनी आमच्याकडे पाहून डोळा मिचकावला. यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. राणी घरातच राहिली होती, नुसतं नाव तेवढं गेलं होतं. आत्याबाई मात्र खाली मान घालून लुगड्याची निरी नीट करत होत्या. त्यांना खाली पाहताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मी दाराआड होते. पुढे आले. सासऱ्यांसमोर, परक्या माणसासमोर, डोक्यावरचा पदर धरून मी म्हटलं, “शेटजी, ह्या माह्या सासूबाई हायेत. गजराबाई. जलशाले यायचं तर याच येतील, याच नावानं.”