गंडभेरुंडाचा होन

विजयनगर साम्राज्यातला सोन्याचा होन हातात घेऊन पाहायला मिळणार, एवढ्या एका आशेवर मी पुण्याहून कोल्हापूरची एसटी धरली. नव्वदचं दशक सरत आलं होतं. नाणं होतं माझ्या मित्राच्या मावशीकडे, गडमुडशिंगीला. आकार शर्टाच्या गुंडीएवढा, पण त्यावर गंडभेरुंड, म्हणजे दोन तोंडांचं पाखरू, चोचींत आणि पंजांत हत्ती धरून उभं. मित्राने ते लहानपणी पाहिलं होतं आणि त्याचं वर्णन करताना तो थांबत नसे.

कोल्हापूरच्या स्टँडवर तांबड्या रश्श्याचा वास सुटला होता. पण मावशींचं घर लिंगायत, जेवायचं आमंत्रण तिथलं, म्हणून मन मारलं. त्यात घाईघाईने कागलच्या गाडीत बसलो. कंडक्टर खेकसला, "पावणं, पाटी वाचून बसायचं की!" मध्येच उतरून, ऊन डोक्यावर घेत उसाच्या कडेकडेने मागे चालत आलो.

मावशींना सगळे शांताक्का म्हणत (अक्का म्हणजे थोरली बहीण). त्यांनी आधी भाकरी, झुणका, खर्डा असं दाबून जेवू घातलं. वाढत होती त्यांची मुलगी सुजाता. लग्नानंतर वर्षाच्या आतच ती कायमची माहेरी आली होती, हे मित्राने सांगून ठेवलं होतं.

जेवणानंतर अक्कांनी डबीतून नाणं काढलं. वर गळ्यात घालायला कडी जोडलेली. मागची नागरी अक्षरं शाबूत, पंजांतले हत्तीही. पाखराला मात्र एकही तोंड नव्हतं. तिथं नुसतं गुळगुळीत सोनं होतं.

"म्याच घासून घेतली गुजरीत," अक्का म्हणाल्या. (गुजरी म्हणजे सराफांची पेठ.) "पोरीच्या गळ्यात घालायचं हुतं लग्नात. एक तोंड हिकडं, एक तिकडं. नवरा-बायकूची तोंडं अशी व्हायला नगोत, म्हनलं."

मला राग आला. शेकडो वर्षं टिकलेलं काम कानशीखाली गेलं होतं. त्या भरात मी बोलत सुटलो. हत्तीला उचलणारं हे बळ म्हणजे साम्राज्याचा दरारा. आणि ती तोंडं एकमेकांवर रुसलेली नाहीत, अक्का. ती दोन्हीकडून येणाऱ्या संकटावर नजर ठेवतात.

"म्हंजे राखण करत हुतं व्हय ते?"

मी हो म्हणालो. त्यांनी सुजाताकडे पाहिलं. "राखनदाराचंच डोळं काढलं म्या."

"अव्वा (आई), नाण्याचा काय संबंध? मानूसच वाईट निगालं," सुजाता म्हणाली. अक्का नाणं पदराने पुसत राहिल्या.

निघताना त्या स्टॉपपर्यंत आल्या. गाडी दिसल्यावर हळूच म्हणाल्या, "पावणं, सोनार ती तोंडं परत काढून दील न्हवं?"

"विचारून बघा," एवढंच मला सुचलं.

नाण्याची हळहळ कराड यायच्या आतच ओसरली. पोरीचा संसार आपल्या हाताने मोडला, असं त्या बाईला सकाळपर्यंत वाटत नव्हतं. ते मी जाऊन सांगून आलो होतो, तेही त्यांच्याच घरी पोटभर जेवून.