नळवाल्यांची कसलीच तक्रार नाही

नळवाल्यांना तक्रार करायला कारण लागत नसे. चहा गरम असला की तोंड भाजलं, आणि निवला की हा काय चहा आहे. जन्मभर लोकांचे गळके नळ दुरुस्त केले, पण स्वतःच्या तोंडाला वॉशर बसवणं काही जमलं नाही, असं त्यांची बायको म्हणायची. ती शाळेत गणित शिकवायची. वर्गातला गोंगाट आणि घरातली कुरकुर, दोन्ही ती सारख्याच शांतपणे ऐकून घ्यायची.

अशा माणसाने साठी उलटल्यावर एकट्याने महासागर ओलांडायचं मनावर घेतलं. मोडीत निघालेली एक शिडाची बोट आणून घरामागच्या शेडमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं ठोकठाक करून ती उभी केली होती. बायकोने आडकाठी केली नाही, अट तेवढी घातली. रोज सकाळी सॅटेलाइट फोनवरून बोलायचं आणि बोट कुठवर आली ते सांगायचं.

"दोन दिवस फोन आला नाही, की मी माणसं पाठवणार," ती म्हणाली. "आणि त्यांनी तुम्हाला उचललं, की बोट तिथेच सोडून यायचं. मग घरी येऊन माझ्यावर डाफरायचं नाही."

समुद्राने पहिल्याच आठवड्यात नळवाल्यांची चांगली हौस फेडली. शिजलेला भात पातेल्यासकट जमिनीवर आला. उडता मासा बुटात येऊन मेला, हे पाय आत घातल्यावर कळलं. केबिनच्या दाराची चौकट बुटकी, ती त्यांनी स्वतःच बनवलेली, त्यामुळे टेंगूळ आल्यावर शिव्या घालायलाही कुणी नाही. संडासाचा पंप त्यांनी उलटा बसवला होता. त्याबद्दल न बोललेलंच बरं, पण नळवाले बोलले. रोज सकाळी हे सगळं साग्रसंगीत फोनवर जायचं आणि पलीकडे बायको पेपर तपासत हुंकार भरायची.

खरी फजिती मात्र सवयीने केली. निजण्याआधी पाण्याचे सगळे व्हॉल्व्ह बंद करायचे, हा त्यांचा जन्मभराचा नेम. लोकांच्या घरातली गळती निस्तरण्यात आयुष्य गेलेला माणूस तो, उघडा व्हॉल्व्ह ठेवून त्याला झोप कशी लागणार? इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेणारा एक व्हॉल्व्ह बोटीच्या तळाशी असतो. तोही ते इमानेइतबारे बंद करायचे आणि सकाळी आठवणीने उघडायचे. एका सकाळी डोक्याला नवं टेंगूळ आलं, त्या तणतणीत ते उघडायला विसरले आणि बॅटरी चार्ज करायला इंजिन सुरू केलं. पाण्यावाचून इंजिन तापलं आणि पंपाच्या रबरी चाकाच्या चिंध्या झाल्या. मग शोधाशोध. डब्यात जगातल्या झाडून सगळ्या नळांचे वॉशर निघाले, तेवढं चाक काही निघालं नाही. इंजिन बंद म्हणजे चार्जिंग बंद, आणि चार्जिंग बंद म्हणजे फोन बंद.

शिडावर बोट झकास चालली होती, पण बायकोला ते कळणार कसं? बायको शब्दाची पक्की. आता माणसं येणार, त्यांना उचलणार, आणि इतक्या वर्षांची मेहनत बेवारशासारखी लाटांवर सोडून द्यावी लागणार. त्यांनी मनाशी ठरवलं, कुणी आलंच तर तक्रारीचा ब्र काढायचा नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक भलंमोठं मालवाहू जहाज वाट वाकडी करून जवळ आलं. नळवाल्यांकडे सेलवर चालणारा, हाकेच्या अंतरापुरता वायरलेस होता. त्यावर जहाजावरच्या अधिकाऱ्याचा आवाज आला.

"काका, तुमच्या घरून चौकशी आलीय. तब्येत कशी आहे?"

"एकदम ठणठणीत."

"जेवणखाण?"

"फार छान."

"बोटीत काही बिघाड?"

"छे हो. कसलीच तक्रार नाही."



"मग सामान आवरा काका. शिडी सोडतोय, वर या."

"अहो, सगळं ठीक आहे म्हटलं ना?"

"म्हणूनच. तुमच्या मिसेसनी बजावून सांगितलंय. आमचे हे कुरकुरत असतील तर खुशाल जाऊ द्या, पण सगळं छान आहे म्हणाले, तर एक तर ते आजारी आहेत, नाहीतर घाबरलेत. सरळ उचलून आणा."

नळवाल्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि तोंड सोडलं. इंजिनापासून सुरुवात झाली. मग भात, मासा, चौकट, संडासाचा पंप, वाऱ्याचा मूर्खपणा, आणि शेवटी या अवाढव्य जहाजाने अडवलेलं ऊन. श्वास घ्यायला ते थांबले, तेव्हा वायरलेसवर हसण्याचे आवाज येत होते.

"बास काका, पटलं. जा तुम्ही. वाटेतल्या जहाजांना तुमच्याकडे लक्ष ठेवायला सांगतो. घरी काय कळवू?"

नळवाल्यांनी बंद फोनकडे पाहिलं. तीन दिवस त्यांनी एवढी बडबड केली होती, पण ती भिंतींशी. पलीकडून येणारा बायकोचा हुंकार आठवला.

"म्हणावं, इथे ऐकायला कुणी नाही."

"हे तक्रारीत धरायचं का, काका?"

"धरा," नळवाले म्हणाले. "सगळ्यात वर घाला."