वहिनीचं बसणं

"आत्या, माय गेली... मागच्या पायरीवर बसल्या बसल्या गेली." सविताचा फोन आला तेव्हा शाळेत मधली सुट्टी चालू होती, पोरं खिचडीची ताटं धूत होती. खरं सांगायचं तर मला लगेच रडू आलं नाही. मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की वहिनी आणि बसलेली? दिवसाउजेडी? सविता चार दिवसांसाठी माहेरी आली होती, तिच्या डोळ्यांदेखत झालं ते. शेळ्यांसाठी पाण्याची बादली भरून वहिनी निघाली, दारात थांबली, बादली खाली ठेवली आणि पायरीवर टेकली. सविता म्हणाली, मला वाटलं चप्पल काढतेय. बादली शेवटपर्यंत भरलेलीच होती. सव्वा महिना झाला या गोष्टीला. रोज शाळेतून आले की लिहायला बसते आणि रोज थकून उठते, कारण वहिनीबद्दल लिहायचं म्हणजे माझ्याबद्दलही लिहावं लागणार, आणि ते काही फार शोभणारं नाही.

कालिंदावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. तलवाड्याच्या आमच्या घरात ती आली तेव्हा मी दहावीत होते. घरी मेंढरं, शेळ्या आणि थोडी शेती. दादा सहा-सहा महिने कळप घेऊन गोदाकाठानं फिरायचा आणि मागे घरात माझी माय, मी आणि वहिनी. माझ्या मायचा आवाज असा की शिवारातली माणसं मान वर करायची. "कालिंदे, धारा काढल्या का? कालिंदे, पाणी तापलं का? कालिंदे, कुठं मेलीस?" वहिनी दर हाकेला उठायची. जेवताना उठायची, केस विंचरताना उठायची, एकदा तर पायात काटा मोडलेला, तो निम्मा काढून उठली होती. मी अभ्यास करत असायची, म्हणून मला कुणी उठवायचं नाही. त्यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही... शिकणाऱ्या माणसाला फार गोष्टी दिसत नाहीत.

लग्नानंतर पाच वर्षांनी सविता झाली. मुलगी झाली म्हणून मायनं तोंड वाकडं केलं, पण आमच्या घरात एक नियम होता आणि तो मायही मोडायची नाही. लेकरू अंगावर पीत असलं की त्याला मधेच तोडायचं नाही आणि त्याच्या आईला हाक मारायची नाही. कोकरू मेंढीला लागलेलं असलं तरी आम्ही कळप हलवत नसू, इतका तो पक्का. त्यामुळं वहिनी मागच्या दाराच्या पायरीवर भिंतीला टेकून बसली आणि पदराखाली सविता असली, की माय दारापर्यंत यायची, तोंड उघडायची आणि तशीच परत फिरायची. सविता एक वर्षाची झाली, दोनची झाली, तीनची झाली. अंगणवाडीत जायला लागली, तिथून पळत यायची, पाठीवरची पिशवी न काढताच मांडीवर आडवी व्हायची. पाय पायरीवरून खाली लोंबायचे, त्यातला एक सारखा हलत असायचा. वहिनी डोळे मिटून बसलेली असायची. ते चित्र मी शेकडो वेळा पाहिलं, आणि प्रत्येक वेळी त्यात मला फक्त लोंबणारे पाय दिसले.

मी तोवर डी.एड. होऊन गेवराईला शिक्षिका झाले होते. नवी नोकरी, नवी पर्स आणि सगळ्यांना शिकवायची घाई. शेजारच्या घरातला पोरगा तर शाळेत घातला तरी आईच्या पदराला झोंबायचा, पण त्याला बायका कौतुकानं म्हणायच्या, "पिऊ द्या, पैलवान होईल." आमच्या सवितावर मात्र सगळ्यांचा डोळा. पोरीला एवढं कशाला? आणि खरं कारण माय उघड बोलायची, "ही सुटल्याबिगर दुसरं कसं राहील? मला नातू बघायचाय." मला नातवाचं काही नव्हतं, मला लाज वाटत होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घर बायकांनी भरलेलं असताना चार वर्षांची सविता आली आणि सगळ्यांसमोर आईचा पदर ओढून म्हणाली, "माय, दे." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आमच्याकडं करडांनी सगळं दूध पिऊ नये म्हणून शेळीच्या कासेला कापडी पिशवी बांधतात. ती खुंटीवर लटकत होती. मी ती काढली, वहिनीपुढं धरली आणि म्हणाले, "वैनी, आता ही तुलाच बांधावी लागती बघ." काय हसल्या सगळ्या! वहिनीही हसली. हसत हसत पदर गळ्यापर्यंत ओढून घेतला तिनं... ती हालचाल मला आजही जशीच्या तशी दिसते. जीभ झडून का गेली नाही माझी.

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण दूध तोडायचं म्हणजे लेकराला आठ दिवस आत्याकडं नाहीतर मामाकडं न्यायचं ही आमच्याकडची रीत, आणि आत्या तर मी तयारच होते. मेंढ्यांच्या घरातलं शहाणपणही होतं डोक्यात. कोकरू वेगळ्या वाड्यात घातलं की तीन दिवस ओरडतं, चौथ्या दिवशी निमूट पाला खातं. सविताला मी गेवराईला माझ्या खोलीवर आणलं. तीन दिवस रडली, दाराशी जाऊन बसायची. चौथ्या दिवशी तिनं बिस्किट मागितलं आणि मी कौतुकानं घरी निरोप धाडला, "विसरली." कोकरू किती दिवस ओरडतं ते आमच्या घरात लहान पोरगंही सांगेल. मेंढी किती दिवस ओरडते ते मला आजही सांगता येणार नाही, कारण तिला तोवर चरायला सोडलेलं असतं.

नवव्या दिवशी आम्ही परत आलो. आम्ही येणार म्हणून मायनं कडुलिंबाचा पाला वाटून वहिनीला छातीला लावायला लावला होता. वहिनी त्याच पायरीवर बसलेली. सविता धावत गेली, पदरात शिरली, आणि लगेच तोंड कडू करून बाहेर आली. रडली नाही. आईच्या तोंडाकडं नुसती बघत राहिली, मग उतरून आजीकडं गेली. वहिनी क्षणभर तशीच बसून होती. मग आतून हाक आली, "कालिंदे, आता काय बसलीस? भाकरी टाक." वहिनी उठली. पुढं तिला मूल काही झालं नाही. म्हणजे मायचा नातूही गेला आणि वहिनीचं बसणंही गेलं, आणि हे दुसरं गेल्याचा घरात कुणाला पत्ता नव्हता. माय थकली, अंथरुणाला लागली, गेली, तरी वहिनीची उठायची सवय राहिली. हाक मारणारं कुणी नसतानाही ती उठायची.

ती जायच्या तीनेक महिने आधी मी तलवाड्याला गेले होते. वहिनीचे गुडघे सुजलेले, तरी ती अंगणात येरझाऱ्या घालत होती. मी चिडून म्हणाले, "वैनी, बस की जरा! किती पळशील?"

"बसू कावून? मांडीवर कोन हाय?" ती हसली. मग भिंतीला हात टेकून, उभ्या उभ्याच बोलली. "शोभाताई, सवी पीत व्हती तवर लई बरं व्हतं बघ. तुमची माय हाक मारीत नव्हती. सवीचं पोट तर कवाच भरायचं. मीच म्हनायची, धर बाई, अजून जरा धर... ती बी गुनाची, नुसतं तोंडात धरून पडायची. तेवढंच काय ते बसनं."

ती तशीच पुढं सांगत राहिली, दुसऱ्याच बाईची गोष्ट सांगावी तशी. "तुमी तिला नेलं अन् मला छातीला दुधाच्या गाठी आल्या. ताप भरला. धार काढताना हात वर व्हईना. तुमची माय म्हनली, उतरंल. उतरलंच की."

त्या वेळी मी माफी मागायला हवी होती. पंचावन्न वर्षांची बाई मी, रोज पोरांना शिकवते की चुकलं की 'चुकलं' म्हणायचं. पण मी म्हणाले, "वैनी, चहा टाकू का?" आणि चहासुद्धा तिनंच आत जाऊन टाकला. पुढच्या वेळी बोलू असं मी ठरवलं... पुढची वेळ आली ती सविताच्या फोननं.

तेराव्याला घर पाहुण्यांनी भरलं होतं. मागच्या दारानं सगळे ये-जा करत होते, पण त्या पायरीवर कुणी टेकत नव्हतं, ओलांडून जात होते. दुपारी पहिली पंगत बसली. मी वरणाची बादली घेऊन मागच्या दाराशी आले तर सविता पायरीवर बसलेली, आईसारखीच भिंतीला टेकून, डोळे सुजलेले. साडेतीन वर्षांची तिची मुलगी पदराखाली होती. पाय खाली लोंबत होते आणि एक पाय हलत होता. तेरा दिवसांत सविताला मी पहिल्यांदाच बसलेलं पाहत होते.

आमची एक म्हातारी चुलती पोळ्यांचं ताट घेऊन मागून आली. "अगं, एवढी घोडी झाली ती, अजून पाजतीस? ऊठ सवे, पंगत बसली, वाढायला मानूस न्हाई." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "सांगा की तिला मास्तरीणबाई. तुमीच तर हिचं सोडवलं व्हतं." शेजारच्या दोघी हसल्या. सवितानं माझ्याकडं पाहिलं आणि पदर गळ्यापर्यंत ओढून घेतला.

"काकी, लेकरू पितंय," मी म्हणाले. "आपल्यात पित्या लेकराच्या आईला उठवत नाहीत." चुलती पुटपुटत ताट घेऊन पुढं गेली.

सवितानं खाली पदरात पाहिलं. "आत्या, झालंय तिचं. नुसतंच धरून पडलीय. उठते मी."

"असू दे," मी म्हणाले. "अजून जरा बस." आणि बादली घेऊन मी वाढायला गेले.