मीटरवहिनी आणि न फिरणारा सेल्फ

मीटरवहिनीला राग लवकर येत नसे, पण आला की तो मुक्कामालाच राही. धाकट्या दिरावरचा राग नऊ वर्षं मुक्कामी होता आणि ती त्याला काही कमी पडू देत नव्हती.

करंट तपासायचा मीटर कायम गळ्यात, म्हणून गल्लीने तिला हे नाव दिलं. तिचे वडील जळालेल्या मोटरींना नवी तार भरून देत. त्यांच्याकडूनच ती वायरिंग शिकली. सासरच्या गॅरेजात तिघांची कामं ठरलेली होती : नवऱ्याकडे इंजिन, दिराकडे रंग, हिच्याकडे वायरी. नवरा गेला आणि वर्षाच्या आत औषधवाल्याची मोटरसायकल गॅरेजच्या दारातच, बटणाने सेल्फ मारता मारता पेटली. वायरिंग हिनेच केलेलं. दीर चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "वहिनींनी उलटी जोडणी केली. त्यांनी हात लावला की गाडी जळते." औषधवाल्याने मान डोलावली आणि पुढे महिनाभर त्याच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला गोळ्यांसोबत ही गोष्टही मिळाली. हिला गॅरेज सोडावं लागलं. नवऱ्याची जुनी मोटरसायकलही दिराने ठेवून घेतली, विचारलंसुद्धा नाही.

तिने घराच्या पुढच्या खोलीला शटर बसवलं. पहिली तीन वर्षं लोक फक्त हॉर्न आणि दिवे दुरुस्तीला आणत. ते तिने सोसलं. पण एक गोष्ट ती कुणाला बोलली नव्हती. मधूनच तिला वाटे, खरंच आपण उलटी जोडणी केली असेल तर? रागापेक्षा हा काटा तिला जास्त सलत होता.

आणि एका सकाळी दीर तीच जुनी मोटरसायकल ढकलत दारात आला, घामाघूम.

"वहिनी, सेल्फ लागत नाही. नुसतं टक करतो. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून किक मारता येत नाही मला. बॅटरी बदलली, रिले बदलला, मोटरसुद्धा नवी टाकली. तिघा मिस्त्रींनी हात टेकले."

अडला हरी कुणाचे पाय धरतो ते वहिनीला ठाऊक होतं. आज गाढव व्हायला तिची काही हरकत नव्हती.

"या, भाऊजी," ती म्हणाली. खोलीत एकच स्टूल होतं, त्यावर ती स्वतः बसली. गाडीकडे तिने बसल्या जागेवरून पाहिलं. इंजिन वरपासून खालपर्यंत चंदेरी रंगाने चकाकत होतं, बोल्टांच्या कडेपर्यंत. तिला तिथेच कळलं. काम पाच मिनिटांचं होतं, पण पाच मिनिटांत सोडायला ती नऊ वर्षं थांबली नव्हती.

तिने गळ्यातला मीटर काढून त्याच्यापुढे धरला. "मी हात लावणार नाही. माझ्या हाताने गाड्या जळतात, असं तुम्हीच सांगत फिरलात. मी सांगते तसं तुम्ही करा."

आपापल्या कामाला आलेल्या दोन गिऱ्हाइकांनी मोबाइल खिशात ठेवले.

"बॅटरीवर लावा. किती?"

"बारा पॉइंट सहा."

"आता बटण दाबा. किती उतरलं?"

टक. "बारा पॉइंट पाच. उतरलंच नाही."

"म्हणजे बॅटरी द्यायला तयार आहे, घेणारं कुणी नाही. उगाच बदललीत. मोटरला करंट सोडतो त्या रिलेचे दोन मोठे नट पान्याने जोडून बघा."

बारीक ठिणगी उडाली. मोटर गप्पच.

"म्हणजे रिलेही उगाच. मोटर तर नवीच आहे म्हणता, तीही उगाच."

प्रत्येक 'उगाच' ती चवीने उच्चारत होती. दीर आणखी खाली वाकला, त्याचा गुडघा कुरकुरला. ते ऐकून तिला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची तिला अजिबात लाज वाटली नाही.

"आता मीटरची काळी पिन बॅटरीच्या वजाला, लाल इंजिनला. खरवडून लावा, रंगावर नको."

'रंग' म्हटल्यावर त्याचा हात थबकला. त्याने खरवडलं, पिन टेकवली, बटण दाबलं. आकडा बघितला आणि मीटर स्वतःकडे वळवला.

"मोठ्याने सांगा, भाऊजी. माणसं थांबलीत."

"अकरा."

"किती पाहिजे?"

"अर्ध्या व्होल्टच्या आत."

तिने एक जाड वायर त्याच्याकडे टाकली. ती त्याने बॅटरीच्या वजापासून इंजिनच्या खरवडलेल्या जागेपर्यंत लावली आणि बटण दाबलं. गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली. करंट मोटरपर्यंत जात होताच, त्याला बॅटरीकडे परत यायला वाट नव्हती. ती वाट म्हणजे अर्थची काळी वायर, आणि दिराने ती रंगावरच आवळली होती. रंगातून करंट जात नाही. नवऱ्याच्या गाडीचा आवाज वहिनीच्या कानावर नऊ वर्षांनी पडला. पण राग अजून कामावर होता. रडू तिने नंतरवर टाकलं.

"बंद करा. आणि सांगा, अर्थ असा रंगावर बसला आणि कुणी सेल्फ मारतच राहिलं, तर करंट परत कुठून येतो?"

"बारीक वायरींतून. क्लचच्या केबलमधून."

"त्यांचं काय होतं?"

"तापतात." त्याने मीटरच्या वायरी गुंडाळायला घेतल्या. "जळतात."

"औषधवाल्याच्या गाडीचं इंजिन कुणी रंगवलं होतं?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मला त्याच संध्याकाळी कळलं होतं, वहिनी. रंगवताना अर्थची वायर मीच काढून परत आवळली होती. सोडून बघितली, खाली रंग होता."

रंगाचं त्यालाही आजच कळेल, असं ती धरून चालली होती. तो नऊ वर्षं जाणून होता आणि ती नऊ वर्षं स्वतःच्या हातांना दोष देत होती. काटा निघाला, पण राग दुप्पट झाला.

"औषधवाल्याला फोन लावा. स्पीकरवर."

त्याने लावला. "ती तुमची गाडी जळली होती ना, गॅरेजात, त्यात वहिनींची काही चूक नव्हती. रंग माझा होता."

"कुठली गाडी?" औषधवाला म्हणाला. "अहो, किती गाड्या झाल्या माझ्या. मला नाही बुवा आठवत. तुम्हाला काही औषध हवंय का?"

दिराने सुटल्यासारखं वहिनीकडे पाहिलं. बोलायचं ते बोलून झालं होतं, ऐकणाऱ्याला गरजच नव्हती. ज्याच्या तोंडाच्या धाकाने तिने नऊ वर्षं मान खाली घातली, तो विसरून मोकळा झाला होता.

दिराचं बोट फोन बंद करायला सरकलं.

"राहू द्या," वहिनी म्हणाली. "त्यांना आठवत नसेल तर आठवण करून द्या, भाऊजी. पहिल्यापासून सांगा. दुकानात गिऱ्हाइकं असतील तर फार बरं, त्यांनाही ऐकू दे."