खिडकीजवळच्या आजींचा चहा

माझी धाकटी लेक जन्माची घुमी. घरात तिचं नावही तेच पडलं. बोललीच तर अर्धं वाक्य बोलायची. "आई, ते दे." ते म्हणजे काय, हे मी ओळखायचं आणि मी ओळखायचेही. मोठी वैतागून म्हणायची, "हिला तोंड दिलंय ते फक्त जेवायला."

घुमी नर्स झाली तेव्हा मला काळजीच पडली. आजारी माणसाशी चार शब्द गोड बोलावे लागतात. शिवाय वॉर्डात मावशी होत्या. मावशी म्हणजे नर्सच्या हाताखालच्या मदतनीस. रोग्याला कुशीवर वळवणं, अंग पुसणं, भांडं देणं, चहा-जेवण वाटणं ही त्यांची कामं. घुमी पाळण्यात होती तेव्हा या मावशी त्याच वॉर्डात चादरी बदलत होत्या. वयाने माझ्याएवढ्या. त्यांना हुकूम सोडायचा हिने?

"त्यांना काम कसं सांगतेस गं?" मी विचारायचे.

"सांगते."

झालं. एवढ्यावर आईने समाधान मानायचं.

एका दुपारी दारावर थाप पडली. बाहेर एक ठेंगणी, ठसठशीत बाई, हातात घुमीचा जेवणाचा डबा. "सिस्टर विसरल्या. धुऊन आणलाय," असं म्हणत त्या आत आल्या, पंख्याखालची खुर्ची बघून बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, रागावू नका, पण पोरीला बोलायला शिकवलं नाही का तुम्ही?"

मी म्हटलं, वॉर्डातल्या मावशी दिसतात, आलं गाऱ्हाणं. ज्याची भीती होती तेच.

"काय केलं तिने?"

"म्हणजे? घरी काही बोलल्याच नाहीत? धन्य आहे!" असं म्हणून मावशींनी पाणी मागितलं आणि सगळं सांगितलं.

वॉर्डात शेजारी-शेजारी दोन आजी होत्या. खिडकीजवळच्या आजींचं दुसऱ्या दिवशी सकाळी पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. ऑपरेशनआधी पोट रिकामं लागतं. म्हणून संध्याकाळी घुमीने त्यांच्या डोक्याशी भिंतीवरच्या खिळ्याला 'उपाशी' अशी पाटी अडकवली आणि मावशींना जाता-जाता सांगितलं, "खिडकीजवळच्या आजींना सकाळी चहा नको."

थोड्या वेळाने पलीकडच्या आजींनी कुरकुर सुरू केली. जीव घुसमटतो, वारा लागत नाही, मला खिडकी हवी. ऑपरेशनच्या आजी म्हणाल्या, "घ्या बाई खिडकी, मला तिथे थंडीच वाजते." मग घुमी एका बाजूने आणि मावशी दुसऱ्या बाजूने, दोघींनी मिळून चाकांच्या कॉट ढकलल्या. खिडकीजवळच्या आत गेल्या, आतल्या आजी खिडकीजवळ आल्या. पाटी मात्र खिळ्यावरच राहिली. आता ती भलत्याच आजींच्या डोक्यावर लटकत होती आणि कॉट हलवणाऱ्या दोघींपैकी एकीच्याही ते ध्यानात आलं नाही.

सकाळी मावशी किटली घेऊन निघाल्या. खिडकीजवळ पाटी बघितली, सिस्टरांचा शब्द आठवला, त्या आजींना वगळलं. "मला का नाही? मी काय घोडं मारलंय?" त्या आजी ओरडत राहिल्या. आत सरकलेल्या ऑपरेशनच्या आजींनी मात्र कप भरून घेतला.

थिएटरमध्ये न्यायला माणसं आली. त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "आजी, काही खाल्लं-प्यायलं नाही ना?"

"छे हो! नुसता चहा. पण फक्कड होता."

ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. नातेवाइकांनी वॉर्ड डोक्यावर घेतला. मेट्रनबाईंनी घुमीला आणि मावशींना केबिनमध्ये बोलावलं आणि सरळ मावशींकडे वळल्या, "चहा कोणी दिला?"

"मी," मावशी म्हणाल्या.

यापुढे काय होतं ते वॉर्डात सगळ्यांना ठाऊक. मावशी कंत्राटी. तक्रार वर गेली की कंत्राटदार दुसरी बाई पाठवतो, पहिलीला कोणी विचारत नाही. घुमीचंही तळ्यात-मळ्यातच होतं. नोकरी कायम व्हायची होती आणि त्याबद्दल मेट्रनबाई त्याच महिन्यात वर कळवणार होत्या. ती गप्प राहिली असती तर कोणी बोट दाखवलं नसतं. गप्प राहणं तर तिला जन्मापासून येतं.

"आणि ताई," मावशी खुर्चीत पुढे सरकल्या, "तुमची घुमी लेक बोलली की हो! सिस्टर म्हणाल्या, मॅडम, चहा यांनी दिला, पण सांगताना मी खिडकीजवळच्या आजी म्हटलं, नाव घेतलं नाही. मग मीच कॉट हलवल्या. पाटी हलवायची होती, तीही मीच. यांनी मी सांगितलं तेच केलं. मेट्रनबाई म्हणाल्या, हे मला वर कळवावं लागेल, तुमच्या कायमपणाचं काय होईल ठाऊक आहे ना? तर म्हणतात कशा, हो, कळवा."

मी माझी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ घेतली.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी कसली गप्प बसते! म्हटलं, बाई, कॉटची दुसरी बाजू माझ्या हातात होती. ज्या बाईला मी स्वतः ढकललं तिलाच चहा पाजला. अर्धी चूक माझी, ती मला द्या. सगळी चूक एकटीने उचलायला ही कोण लागून गेली? बाहेर आल्यावर सिस्टरांना चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, मला वाचवायला निघालात? आधी मला नीट सांगायला शिका!"

"मग?"

"शिकल्या की. आता आमच्यात कायदा आहे. खिडकीजवळच्या, कोपऱ्यातल्या, परवाच्या, असलं काही चालणार नाही. नाव घ्यायचं. ऐकणारीने परत म्हणून दाखवायचं. त्यांनी सांगितलं की मी म्हणते, मी सांगितलं की त्यांनी म्हणायचं. काल मेट्रनबाई राउंडला आल्या, काहीतरी फर्मावून निघाल्या. मी म्हटलं, थांबा बाई, म्हणून दाखवते, बरोबर आहे का बघा. थांबल्या बिचाऱ्या!"

घुमी घरी आली तेव्हा मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू काळजी करशील."

"आता करत नाही का?"

"करतेस. पण आता चहा तरी दे." मग म्हणाली, "माझ्या पिवळ्या कपात, साखर कमी. परत म्हण."

मी म्हटलं. काय करता, कायदा आहे.

मावशींवर बालंट आलं नाही, त्या वॉर्डातच आहेत. घुमीचा कायमपणा मात्र सहा महिने पुढे गेला आणि ते सरेपर्यंत माझ्या जिवाला घोर आहेच. नातेवाइकांत कोणी ना कोणी विचारतंच, "काय, धाकटी झाली का कायम?"

पूर्वी मी "होईल हो" म्हणून विषय बदलला असता. आता त्यांना बसवते, पाणी देते आणि म्हणते, "नाही झाली. का नाही झाली ते ऐकून जा."